बारक्यानं सोडलेली जागा

दोरवाल्याच्या घरात वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या दिराला शर्टाची बटणंसुद्धा नीट लावता येत नव्हती. सासू कधीच गेलेली, सासरा दम्यानं खाटेला टेकलेला आणि नवरा असा की बोलायचं म्हटलं तर आधी घसा खाकरायचा आणि मग गप्पच बसायचा. त्या घरात पहिल्या दिवशी तिच्याशी बोललं कोण, तर हा दीर. दाराआडून तोंड काढून त्यानं विचारलं, "तुम्ही राहणार का जाणार?"

"राहणार," ती म्हणाली.

"मग एवढं बटण लावून द्या."

ही गोष्ट वहिनी पुढं कितीतरी वर्षं कौतुकानं सांगायची. तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून शेजारची पोरं म्हणायला लागली, पोरांचं ऐकून त्यांच्या आया म्हणायला लागल्या, आणि असं करता करता ती सगळ्या गावाची वहिनी झाली. नवऱ्याला लोक दादा म्हणत. धाकट्याला बारक्या.

धंदा दोराचा. घरामागं घायपाताची दाट रांग होती. पानं कापायची, जुड्या बांधायच्या, तळ्यात दगडाखाली दाबून कुजवायच्या, मग बाहेर काढून मोगरीनं बडवायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. हिरवं सगळं निघून गेलं की पांढरा वाख उरायचा. त्या कुजक्या पाण्याचा वास अंगाला असा धरायचा, की चारचौघांत बसलं तर शेजारची बाई हळूच सरकून बसायची. रस लागला की कोपरापर्यंत खाज. पहिल्या वर्षी वहिनी रात्रंदिवस हात खाजवायची. दुसऱ्या वर्षी हातच तसे झाले.

अंगणापलीकडं झाडांच्या सावलीत दोर वळायची लांब पट्टी होती. एका टोकाला चरकी. ती फिरवायचं काम बारक्याचं. वहिनी आणि दादा कमरेला वाखाचा गुंडा बांधून, बोटांतून वाख सोडत, उलट्या पावलांनी मागं मागं जायची. वहिनीचा अर्धा जन्म असा उलटं चालण्यात गेला. चरकी फिरवता फिरवता बारक्याची भाषणं चालायची. कधी तो राजा असायचा, कधी रेल्वेचा मोठा साहेब. "माझ्या प्रिय वाखांनो," असं तो सुरू करायचा आणि वहिनीला हसू आवरायचं नाही. हसली की बोट ढिलं पडायचं, आणि बोट ढिलं पडलं की सूत तुटायचं. दादा रागवायचा नाही. मुकाट्यानं पुढं जायचा, तुटलेली टोकं मांडीवर वळून जोडायचा आणि पुन्हा आपल्या जागी जायचा.

बारक्या डोक्यानं हुशार. दादानं त्याला शहरात शिकायला पाठवला. शिकता शिकता तो गिरणी कामगारांच्या मोर्च्यात गेला, मोर्च्यातून पक्षात गेला आणि पक्षातून भिंतीवरच्या पोस्टरवर. तिथल्या लोकांनी त्याला साहेब केलं. गावात आला की मात्र तो बारक्याच असायचा. पाटावर बसायचा, ताट चाटून पुसून जेवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, शहरात पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या पावसात तळ्याचा बांध फुटला होता. फुटला तो फुटलाच. पाणी येई तसं निघून जाई. उन्हाळ्यात मधोमध चिखलाचं एक डबकं राहायचं, त्यात गुरं बसायची. विहिरी खाली गेल्या. आणि वहिनीला घायपाताच्या जुड्या डोक्यावर घेऊन टेकडीपलीकडच्या ओढ्यावर जावं लागायचं. जाताना ओझं कोरडं असायचं. येताना कुजलेल्या जुड्या ओल्या, दुप्पट जड, आणि त्यांचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. दादाचा उजवा खांदा त्याच वर्षी धरला. तो मोगरी डाव्या हातानं मारायला लागला, म्हणजे दोन घावांच्या जागी तीन.

अशात निवडणूक लागली आणि बातमी आली की बारक्या लोकसभेला आपल्याकडून उभा राहतोय.

गाव हरखलं. आपल्या गल्लीत नागडा फिरलेला पोरगा देशाच्या सभेत जाऊन बसणार! वहिनीनं घर सारवलं, पट्टी झाडली, दारातली गवताची गंजी हलवली. तीन दिवसांनी चहावाल्यानं तिला हाक मारली. चहावाल्याच्या टपरीत गावातला एकच पेपर यायचा आणि चहावाला तो मोठ्यानं वाचायचा.

"वहिनी, तुमच्या दिरानं तिकडं शहरातूनही अर्ज भरलाय."

"म्हणजे इथला काढला?"

"नाही हो. इथंही आहे, तिथंही आहे."

टपरीत निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "कायद्यात दोन जागांची मुभा आहे. पूर्वी तर कितीही ठिकाणी उभं राहता यायचं. आता दोनच. दोन्ही जिंकल्या तर एक सोडायची. मग तिथं पुन्हा निवडणूक."

लोहारीण कोळसा न्यायला आली होती. तिचं तोंड म्हणजे तिच्या नवऱ्याच्या भट्टीसारखंच, कायम तापलेलं. "आणि मास्तर, मी दोन ठिकाणी मत दिलं तर?"

"तर गुन्हा होईल."

"वा! मागणाऱ्याला दोन आणि देणाऱ्याला एक. कायदा करणारे मागणारेच असणार."

सगळे हसले. वहिनीही हसली, पण घरी येईस्तोवर तिनं मास्तरांचं 'एक सोडायची' मनात चारदा म्हणून बघितलं होतं.

बारक्या आला तो गाड्यांचा ताफा घेऊन. बाहेर भोंगा ओरडत होता, अंगणात माणसं मावत नव्हती. तो मात्र सरळ मागच्या खोलीत आला आणि वाखाच्या गठ्ठ्यावर पाय पसरून बसला. केस पांढरे व्हायला लागले होते. त्याच्यापुढं ताट ठेवताना वहिनीनं विचारलं.

"दोन ठिकाणी कशाला रे उभा राहिलास?"

"नियमात बसतं, वहिनी. तिकडं या वेळी जरा अवघड आहे. पक्ष म्हणाला, दुसरी एक पक्की जागा असू दे."

"पक्की म्हणजे आपली?"

"आपली नाही तर कुणाची?"

"आणि दोन्हीकडं निवडून आलास तर?"

बारक्यानं घास तोंडाजवळ थांबवला आणि तिच्याकडं बघून हसला. लहानपणी साखरेच्या डब्याशी सापडायचा तेव्हा हसायचा तसं. "हे घर सोडीन होय मी?"

वहिनीनं तो शब्द दिल्यासारखाच धरला. दारात उभ्या असलेल्या दादानं घसा खाकरला आणि काही न बोलता तो पट्टीकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी घरोघर फिरायला लागली. सकाळी ओढा, दुपारी मोगरी, ऊन उतरलं की दारं. तिच्याबरोबर ना झेंडा ना भोंगा. ती उंबऱ्याशी बसायची, पाणी मागायची, पोराबाळांची चौकशी करायची आणि मग म्हणायची, "बारक्याला द्या. पहिलं काम तळ्याचा बांध."

लोक ऐकायचे. पण प्रश्न सगळीकडं तोच. "तो दोन ठिकाणी उभा आहे, वहिनी. इथं टिकेल कशावरून?"

"माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो. तो जाईल, पण माझा शब्द कुठं जाईल?"

लोहारीण काही लगेच ऐकणारी नव्हती. भात्याची साखळी ओढता ओढता म्हणाली, "आम्ही तर मापाड्याला देणार होतो. बाजारातला मापाडी, बोलायला मठ्ठ आहे, पण रोज डोळ्यांना दिसतो तरी."

"दे की त्याला. मी कुठं तुझा हात धरलाय?"

लोहारीण बराच वेळ साखळी ओढत राहिली. मग म्हणाली, "तुमच्याकडं बघून देते हो. त्याच्याकडं बघून नाही."

गल्लीच्या टोकाला शेळीवाल्या म्हातारीचं घर. तिला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, शेळ्या ती आवाजावरून ओळखायची. तिनं वहिनीचे हात चाचपले, तळव्यावरचे घट्टे मोजल्यासारखे केले आणि एवढंच म्हणाली, "या हातांनी मागतेस तर देते बाई."

बारक्या निवडून आला. दोन्हीकडून आला. इथून तर असा आला की समोरच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. चहावाल्यानं फुकट चहा वाटला, पोरांनी लोहाराच्या पत्र्यावर काठ्या बडवल्या. लोहारीणसुद्धा वहिनीला म्हणाली, "जिंकलीत हो!" बारक्या जिंकला असं ती म्हणाली नव्हती. वहिनी जिंकली असंच म्हणाली होती. वहिनीनं गूळ वाटता वाटता डबा रिकामा केला आणि त्या दिवशी ती ओढ्यावर जाताना तिला डोक्यावरचं ओझं कळलं नाही.

मग काही दिवस शांततेत गेले. बारक्या आला नाही. कामात असेल, शपथ असेल, सत्कार असतील. एका दुपारी ओढ्यावरून येताना टपरीपाशी तिला माणसं जमलेली दिसली. ती दिसताच बोलणं थांबलं. चहावाला उगाच कप विसळायला लागला. वहिनी ओझ्यासकट उभी राहिली, पाठीवरून पाणी ओघळत होतं.

"काय झालं?"

शेवटी मास्तरच म्हणाले, "त्यानं शहरातली जागा ठेवली. आपली सोडली. इथं पोटनिवडणूक लागेल."

"पेपरात चुकीचं आलं असेल."

"टीव्हीवर तो स्वतः बोलला, वहिनी."

ती घरी आली. जुड्या उतरवल्या. दादा मोगरी मारत होता. तिनं सांगितलं तेव्हा त्यानं मोगरी खाली ठेवली, डाव्या हातानं उजवा खांदा दाबला आणि म्हणाला, "तो ज्या दिवशी गेला, त्या दिवशीच गेला होता. तू आत्ता बघतेस."

एवढं लांब वाक्य तो वर्षातून एखादंच बोलायचा. वहिनीला त्याचा भयंकर राग आला. मग ती घायपात बडवायला बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

गाव वाईट वागलं असं म्हणता येणार नाही. भांडायला कुणी आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. विहिरीवर ती गेली की बायका दोर आपणहून तिच्या हातात द्यायच्या, जरा जास्तच सभ्यपणानं. पूर्वी आधी कोण भरणार यावरून दणकून भांडणं व्हायची. दुकानदार म्हणायचा, "वहिनी, साहेबांचं कसं काय?" आणि साहेब हा शब्द असा लांबवायचा की मागची माणसं खाली बघून हसायची. कुणाच्या दारावरून जायचं झालं तर आतून आवाज यायचा, "पाणी हवंय का वहिनी, की या वेळी दुसरं काही?" एकदा लोहारीण समोरून आली. काही बोलेल म्हणून वहिनी थांबली. लोहारीण बोलली नाही, नुसती बाजूनं निघून गेली. त्या तोंडाळ बाईचं ते न बोलणं वहिनीला सगळ्यांत जास्त लागलं.

बारक्याकडून एक चष्मेवाला माणूस आला. सोबत भेटीचं खोकं, त्यात भिंतीवरचं घड्याळ आणि घड्याळाच्या मधोमध हात जोडलेला बारक्या. काटे त्याच्या नाकातून निघाले होते. "साहेबांनी खास पाठवलंय. फार धावपळीत आहेत," असं म्हणून चष्मेवाला चहा न घेता गेला. दादानं घड्याळ फळीवर पालथं ठेवलं आणि खोक्यात सुतळीचे तुकडे भरले.

पाऊस आला आणि फुटक्या बांधातून निघूनही गेला. पाठोपाठ पोटनिवडणूक आली. बारक्याच्या पक्षानं एका ठेकेदाराच्या मुलाला उभं केलं. समोर पुन्हा तोच मापाडी.

भर दुपारी, पट्टीवर काम चालू असताना गाड्या आल्या. चरकी फिरवायला आता कुणी नव्हतं, म्हणून दादा डाव्या हातानं फिरवत होता आणि वहिनी एकटी मागं मागं चालली होती. तिला पाठीमागून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. ती वळली नाही. वळली असती तर सूत तुटलं असतं.

बारक्या पट्टीच्या कडेनं चालत चरकीपाशी गेला. "दादा, सरक."

दादा सरकला. साहेबांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि चरकी फिरवायला लागले. पहिले काही फेरे वाकडेतिकडे गेले, मग हाताला लय सापडली. ती सापडल्याचं वहिनीला दूर चालता चालता बोटांतल्या सुतावरून कळलं. कितीतरी वर्षांनी सुताला तो पीळ बसत होता. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला. टोकाला पोचल्यावर तिनं सूत खुंटीला बांधलं, हात पुसले आणि ती चालत त्याच्यापाशी आली.

"का सोडलीस?"

"वहिनी, आधी पाणी तरी दे."

"देते. का सोडलीस?"

तो चरकीच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. तळव्याला एवढ्यात फोड आला होता, तो बघत म्हणाला, "शहरातली सोडली असती तर पक्षाची ती जागा गेली असती. तिकडं दुसरा कुणी टिकला नसता. इथं आपलं नाव आहे. इथं आपण दगड जरी उभा केला तरी निवडून येईल."

"म्हणजे आम्ही पक्के, म्हणून आम्हाला सोडलंस?"

"सोडलं काय म्हणतेस..."

"पाहुण्यांना आधी वाढायचं, घरच्यांनी मागून खायचं. मी जन्मभर तेच केलं, बारक्या. पण भांड्यात घरच्यांपुरतं उरलंय का, हे बघितल्याशिवाय मी कधी पाहुण्यांना वाढलं नाही."

बारक्यानं तळव्यावरचा फोड अंगठ्यानं दाबला. मग म्हणाला, "बांध होईल. मी आहे ना. हा मुलगा निवडून आला की पहिलं काम तेच. तू फक्त एकदा घरोघर जा. तुझा शब्द चालतो इथं."

"चालत होता."

ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तो पाणी पिईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "जाते मी घरोघर. तू चल माझ्याबरोबर. गाड्या इथंच राहू दे."

"आता? असं पायी?"

"मी पायीच गेले होते."

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"ते मला म्हणतायत ते. तूही ऐक एकदा."

त्यानं दादाकडं बघितलं. दादानं घसा खाकरला आणि नजर चरकीवर ठेवली. मग बारक्यानं कोट काढून चरकीच्या दांड्यावर टाकला आणि खरंच तिच्यामागून निघाला. चष्मेवाला धावत आला, त्याला त्यानं हातानं थांबवलं.

पहिलं घर लोहाराचं. लोहारणीनं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बसायला ऐरणीजवळचा लाकडाचा ओंडका दाखवला. त्यावर काजळी होती. तो बसला.

वहिनी उंबऱ्याशी उभीच राहिली. "मी तुला शब्द दिला होता की हा इथं राहील. तो माझ्याच्यानं पाळला गेला नाही. या वेळी मी मागायला आले नाही. तुला वाटेल त्याला दे. एवढंच सांगायला आले."

लोहारीण वहिनीकडं बघतच राहिली. मग बारक्याकडं वळून म्हणाली, "साहेब, बाईमाणसाच्या तोंडून हे वदवून घ्यायला लाज नाही वाटली?"

"वाटते," बारक्या हळूच म्हणाला.

"मग तुम्हीच बोला की! भोंग्यावर तर फार बोलता."

तो ओंडक्यावरची काजळी बोटानं पुसत राहिला. लोहारणीनं आतून पाणी आणलं. आधी वहिनीला दिलं.

पुढच्या दोन घरांत माणसंच गांगरली. कुणी खुर्ची शोधायला धावलं, कुणी पोराला शर्ट घालायला लागलं, आणि वहिनीचं बोलणं त्या गडबडीत कसंबसं झालं. मग शेळीवाल्या म्हातारीचं अंगण आलं. म्हातारी बाजेवर बसून एका करडाला मांडीवर धरून होती.

"कोण आहे गं बरोबर?"

"बारक्या."

"ये रे, जवळ ये." तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, भुवया, सैल पडलेले गाल. "केवढा सुजलास! लहानपणी वीज कडाडली की माझ्या शेळ्यांत येऊन लपायचास. बोकड धडक मारायचा तरी हलायचा नाहीस."

"आठवतंय, आजी."

"मला कुणी म्हणालं, तू आमचा राहिला नाहीस म्हणून. खरं का रे?"

करडू मांडीवरून उडी मारून गेलं. बारक्या म्हातारीचा हात धरून तिच्यापुढं उकिडवा बसला होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. वहिनीला वाटलं, आता हा रडणार. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला आणि चष्मेवाला घाम पुसत आला. "साहेब, सभेला लोक उन्हात बसलेत. आता निघालंच पाहिजे."

बारक्या उठला. गुडघ्याची माती झटकली. "वहिनी, राहिलेली घरं मी पुढच्या खेपेला..."

"जा तू," ती म्हणाली. "लोकांना उन्हात बसवू नये."

त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि झपाझप गेला. धूळ खाली बसेपर्यंत वहिनी तिथंच उभी होती. म्हातारी म्हणाली, "गेला का?"

"गेला."

"काही बोलला का? मला ऐकू आलं नाही."

"बोलायचं होतं त्याला," वहिनी म्हणाली, आणि राहिलेल्या घरांकडं वळली.

प्रत्येक दारात तेच वाक्य. सुरुवातीला ते मधेच तुटायचं, नंतर नंतर सोपं होत गेलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी "जाऊ दे हो वहिनी" म्हणालं, दुकानदार मात्र मान खाली घालून तराजू पुसत बसला आणि त्यानंतर त्यानं साहेब हा शब्द कधी लांबवला नाही. परत येईस्तोवर ऊन निवलं होतं. अंगणात दादानं चूल पेटवून भात टाकला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच. भात खालून लागला होता. दोघांनी तो चवीनं खाल्ला.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायकांची लांब रांग होती. वहिनी मागं उभी राहायला निघाली तर पुढून लोहारणीनं हाक मारली, "इथं या, जागा धरलीय!" आत गेल्यावर कारकुनानं शाई लावायला वहिनीचं बोट धरलं आणि तो थबकला. आधीच्या मतदानाची काळी रेघ अजून नखाच्या टोकाशी होती. नखाबरोबर वर सरकली होती, पण गेली नव्हती.

"हे चालणार नाही. शेजारचं बोट द्या."

"द्या, द्या," लोहारीण मागून म्हणाली. "एका वर्षात दोन बोटं घेतली. साहेबांना सांगा, वहिनीची आता थोडीच राहिलीत, जपून वापरा."

सगळी खोली हसली. कारकूनही हसला. वहिनीला असं हसू आलं की शाई बोटावरून ओघळून तळव्यात गेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती बराच वेळ उभी होती. तिनं कुणाला दिलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि दादानं कधी विचारलं नाही. बाहेर बारक्याच्या पक्षाच्या पोरानं विचारलं, "वहिनी, आपल्यालाच ना?"

"आपल्यालाच," ती म्हणाली.

ठेकेदाराचा मुलगा थोडक्यात पडला. मापाडी निवडून आला. बांध लगेच झाला नाही. मापाडी हेलपाटे घालत राहिला, मठ्ठपणानं पण नेमानं, आणि कितीतरी उन्हाळ्यांनंतर बांध झाला. तोवर बाजारभर नायलॉनचेच दोर झाले होते आणि घायपात कुजवायला तळ्याची तशी गरज उरली नव्हती. तरी वहिनी दोन-चार जुड्या बुडवायची. गुरांच्या दाव्यांना वाखच बरा, गळा काचत नाही, असं म्हणणारी माणसं होती अजून.

बारक्या मोठा होत गेला. येणं कमी झालं, मग नुसते निरोप, मग तेही सणासुदीला. गावानं त्याच्यावरचा राग कधी सोडला ते गावालाही कळलं नाही. लोक बाहेरगावच्या पाहुण्याला अभिमानानं सांगायचे, हे त्याचं घर.

एकदा वहिनी तळ्यावरून जुड्या घेऊन येत होती. टपरीतल्या टीव्हीवर लोकसभा चालू होती आणि बारक्या उभा राहून बोलत होता. कशावर तरी मोठं भाषण होतं, आकडे होते, मधूनमधून बाकं वाजत होती. ती थांबली. ओझं डोक्यावर, जुड्यांचं पाणी मानेवरून उतरतंय, तरी त्याचं संपेपर्यंत ती हलली नाही.

"काय मुद्दे मांडले हो साहेबांनी!" चहावाला म्हणाला. "ऐकलंत ना, वहिनी?"

"घसा बसलाय त्याचा," ती म्हणाली. "तिथं गरम पाणी कुणी देतं की नाही, कुणास ठाऊक."